व्यक्तिमत्त्व विकार आणि पालकत्व : बिनसलेले नाते पुन्हा जुळवताना

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे विचार करण्याच्या, भावना अनुभवण्याच्या आणि इतरांशी नाते राखण्याच्या पद्धतीत वर्षानुवर्षे टिकून राहिलेला असा ताठरपणा किंवा अशी अस्थिरता, की जिच्यामुळे स्वतः त्या व्यक्तीला आणि तिच्या निकटच्या माणसांना वारंवार त्रास होतो. या विकारांपैकी पालकत्वाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराचा, ज्याला दवाखान्यात आणि रोजच्या बोलण्यात 'बॉर्डरलाइन' किंवा 'बीपीडी' असे म्हटले जाते. म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्याच विकाराला धरून केले आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-नियमावलीत या विकाराला १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. सध्याच्या नियमावलीत त्याची नऊ लक्षणे दिलेली आहेत : आपल्याला टाकून दिले जाईल ही सततची भीती, एकाच व्यक्तीला आज डोक्यावर घेणे आणि उद्या शत्रू मानणे, आपण नेमके कोण याविषयीची डळमळीत जाणीव, आवेगाच्या भरात केलेली घातक कृत्ये, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, आतून रिकामे वाटणे, अनावर राग, आणि ताण वाढल्यावर संशय येणे किंवा भान सुटल्यासारखे होणे. यांपैकी कोणतीही पाच लक्षणे निदानाला पुरेशी असल्यामुळे हे निदान २५६ निरनिराळ्या प्रकारे होऊ शकते. साहजिकच हे एकच निदान मिळालेले दोन पालक घरात अगदी वेगवेगळे वागत असण्याची शक्यता असते, आणि केवळ निदानाच्या नावावरून कोणाच्याही पालकत्वाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

मूल वाढवताना असे प्रसंग रोज येतात, जे या विकाराच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतात. दोन वर्षांचे मूल आईचा हात झिडकारून आजीकडे धावते, शाळेतून आलेली मुलगी काही न बोलता खोलीत निघून जाते, पंधरा वर्षांचा मुलगा दार लावून घेतो. वाढीच्या दृष्टीने या साऱ्या गोष्टी स्वाभाविक आहेत आणि बहुतेक पालकांना त्या क्षणभर खटकून विसरल्या जातात. मात्र टाकले जाण्याच्या भीतीत आयुष्य गेलेल्या पालकाला त्या नकारासारख्या लागतात, आणि त्या वेदनेतून आलेली प्रतिक्रिया मुलाच्या कृतीपेक्षा कितीतरी मोठी होऊन बसते. त्यातच तान्ह्या बाळाचे न थांबणारे रडणे, तुटलेली झोप आणि 'आईला हे जमलेच पाहिजे' हा भोवतालचा आग्रह यांची भर पडते.

या विषयावरील सर्वांत बोलका अभ्यास २००३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. क्रँडेल, पॅट्रिक आणि हॉब्सन या संशोधकांनी सीमावर्ती विकार असलेल्या ८ आणि कोणताही मानसिक विकार नसलेल्या १२ मातांना त्यांच्या दोन महिन्यांच्या बाळांसह पाहिले. पद्धत एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात रूढ केलेल्या 'निश्चल चेहऱ्या'च्या प्रयोगाची होती : आईने प्रथम बाळाशी नेहमीसारखे खेळायचे, नंतर थोडा वेळ चेहऱ्यावर कोणताही भाव न आणता नुसते त्याच्याकडे पाहत राहायचे, आणि मग पुन्हा खेळायला लागायचे. मधल्या टप्प्यात कोणतेही बाळ अस्वस्थ होते. परंतु विकार असलेल्या मातांची बाळे अधिक वेळा नजर वळवत होती आणि शून्यात हरवल्यासारखी पाहत होती. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे खेळ पुन्हा सुरू झाल्यावर, या जोड्यांचे सूर इतरांइतके जुळत नव्हते, कारण माता बाळाची चाहूल न घेता त्याच्यावर काहीसा मारा केल्यासारखे खेळत होत्या. संपूर्ण प्रयोगात मार्गदर्शनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हाच तिसरा टप्पा, कारण तुटलेला धागा पुन्हा कसा जोडला जातो ते तेथे दिसते.

याच गटाने २००५ साली एक वर्षाच्या बाळांचा अभ्यास केला. आई खोलीतून बाहेर जाऊन परत आल्यावर बाळ काय करते यावरून त्या दोघांमधील अनुबंध, म्हणजे भीतीच्या वेळी आधारासाठी विशिष्ट माणसाकडे धाव घेण्याची बाळाची घडण, कशी आहे ते ठरवले जाते. विकार असलेल्या १० मातांपैकी ८ जणींच्या बाळांचा अनुबंध 'विस्कळीत' प्रकारचा आढळला. असे बाळ आईकडे निघते आणि अर्ध्यावर थबकते, किंवा तोंड फिरवून मागे मागे सरकत तिच्याजवळ येते, किंवा काही क्षण गोठून जाते. ज्या व्यक्तीकडे आधार मागायचा तिचीच धास्ती वाटत असल्याने त्याला धड जाताही येत नाही आणि राहताही येत नाही. २००९ सालच्या पुढील अभ्यासात मातांच्या बाजूचे चित्र स्पष्ट झाले. बाळाला आधाराची गरज असते त्याच क्षणी यांपैकी अनेक माता स्वतः भेदरलेल्या किंवा गोंधळलेल्या दिसत होत्या. बाळाचे रडे त्यांच्या स्वतःच्या जुन्या भीतीला जागे करत असावे, असे यावरून म्हणता येते. सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात पालकाच्या बालपणातील अशा न बोललेल्या दुःखांना बाळाच्या खोलीत शिरलेली भुते म्हटले होते, आणि ज्या पालकांना आपल्या लहानपणची वेदना आठवते व ती वेदना म्हणून जाणवते ते ती मुलावर सहसा उलटवत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते.

मुले थोडी मोठी झाल्यावर काय होते, याविषयी जेनी मॅक्फी आणि स्कॉट स्वॉन यांचे २००९ सालचे काम उपयुक्त आहे. चार ते सात वर्षांच्या मुलांना अर्धवट गोष्टी देऊन त्या पूर्ण करायला सांगितल्यावर, ज्यांच्या आईला सीमावर्ती विकार होता त्या मुलांच्या गोष्टींत मुलानेच आईची समजूत काढण्याचे आणि टाकून दिले जाण्याचे प्रसंग अधिक आले. पिट्सबर्गमधील स्टेफनी स्टेप आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन असे मांडले की, या पालकांचे वागणे दोन टोकांमध्ये हेलकावे घेते : कधी मुलाच्या प्रत्येक गोष्टीत अति गुंतणे, तर कधी पूर्ण अंग काढून घेणे, आणि मुलाला या दोन्हींपेक्षा त्यांच्यातील अनिश्चितता अधिक जड जाते. ऑस्ट्रेलियात लुईझ न्यूमन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात या माता स्वतःला कमी सक्षम समजत होत्या आणि पालकत्वात त्यांना समाधानही कमी मिळत होते. त्यांना मुलांची फिकीर नसते, हा समज त्यामुळे निराधार ठरतो; उलट आपण कमी पडतो आहोत, ही टोचणी त्यांना सतत असते.

या संशोधनाच्या मर्यादा वाचकांनी गांभीर्याने लक्षात घ्याव्यात. गट अतिशय लहान आहेत, सहभागी बहुधा उपचारांसाठी आलेले आहेत, अनेकींना सोबत नैराश्यही होते, आणि गरिबी किंवा घरातील हिंसा यांचा परिणाम विकारापासून वेगळा काढणे अवघड आहे. पित्यांवर तर जवळजवळ अभ्यासच नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या नोंदवही-अभ्यासात या विकाराची आनुवंशिकता ४६ टक्के आढळली, म्हणजे लोकसंख्येत या बाबतीत दिसणाऱ्या फरकांपैकी जवळपास निम्मा भाग जनुकांशी निगडित होता. त्यामुळे मुलाच्या अडचणींचे सगळे खापर आईच्या वागण्यावर फोडणे शास्त्राला धरून नाही. या निष्कर्षांचा वापर आईला दोषी ठरवण्यासाठी करणे हा संशोधनाचा दुरुपयोगच होय.

ट्रॉनिक यांच्याच पुढील कामात असे दिसले की, विकार नसलेल्या माता आणि त्यांची बाळेसुद्धा समोरासमोरच्या खेळात केवळ ३० टक्क्यांच्या आसपास वेळ एकमेकांशी सूर जुळलेल्या अवस्थेत असतात. उरलेला वेळ चुकामूक आणि जुळवाजुळव यांत जातो. निरोगी नाते म्हणजे कधीही न बिनसणारे नाते नव्हे, तर बिनसल्यावर पुन्हा जुळण्याचा अनुभव मुलाला पुरेशा वेळा देणारे नाते होय, हा या संशोधनाचा गाभा आहे. व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या पालकाला भावनांचे उधाण पूर्णपणे टाळणे अनेकदा शक्य नसते. मात्र त्यानंतर मुलाकडे परत येणे हे शिकता येण्यासारखे कौशल्य आहे, आणि पालकाने आपले बळ सर्वप्रथम तेथेच लावावे.

परत येण्याची रीत मुलाच्या वयाप्रमाणे बदलते, परंतु तिच्यातील घटक तेच राहतात : काय झाले ते साध्या शब्दांत सांगणे, मुलाला काय वाटले असेल ते ओळखून बोलणे, दोष त्याचा नव्हता हे स्पष्ट करणे, आणि पालक पुढे काय करणार आहे ते सांगणे. पाच वर्षांच्या मुलाला आईने जवळ बसून, "मघाशी आई खूप मोठ्यानं ओरडली. तू घाबरलास ना? तुझं काही चुकलं नव्हतं. राग आईचा होता, आणि तो कसा आवरायचा हे आई डॉक्टरांकडून शिकतेय," एवढे म्हटले तरी पुरते. यात 'पण तू दूध सांडलंस म्हणून' हे शेपूट जोडू नये, कारण त्यामुळे दिलासा आरोपात बदलतो. दूध सांडल्याबद्दल काही सांगायचे असल्यास ते दुसऱ्या वेळी, शांतपणे सांगावे. मुलाने लगेच मिठी मारावी किंवा 'असू दे आई' म्हणावे अशी अपेक्षाही ठेवू नये. ते खेळायला निघून गेले तरी त्याने ऐकलेले असते. अपराधभावाच्या भरात खेळणी, चॉकलेटे किंवा रात्री उशिरापर्यंत मोबाइलची मुभा देणे हे त्याच हेलकाव्याचे दुसरे टोक असल्यामुळे तेही टाळावे. आणखी एक धोका सूक्ष्म आहे : माफी मागताना पालक स्वतः हमसून रडू लागला, तर मुलाला आपले दुःख बाजूला ठेवून त्याला सावरावे लागते, आणि मॅक्फी यांच्या अभ्यासातील मुले गोष्टींत जे करत होती तेच प्रत्यक्षात घडते. म्हणून पालकाने आधी स्वतः शांत व्हावे, मग मुलाशी बोलावे. मात्र या शांत होण्यात दिवस उलटू देऊ नये.

भावनांचा वेग वाढू लागला आहे हे ओळखण्याच्या खुणा प्रत्येकाच्या शरीरात वेगळ्या असतात : कानशिले तापणे, जबडा आवळणे, छातीत धडधडणे, आवाज आपोआप चढणे. शांत असताना या खुणा लिहून काढाव्यात, कारण ऐन वेळी त्या आठवत नाहीत. खुणा दिसू लागताच मुलाशी सुरू असलेला वाद जेथे असेल तेथे सोडावा, चेहऱ्यावर थंड पाण्याचे हबके मारावेत, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ द्यावा, आणि खोलीबाहेर जायचे असल्यास मुलाला सांगून जावे. "आई बाल्कनीत जातेय, थोड्या वेळात परत येते" हे वाक्य न बोलता धाडकन दार लावून निघून जाण्यापेक्षा फार वेगळे आहे, कारण पहिल्यात परतण्याचे आश्वासन असते. तान्हे बाळ रडायचे थांबत नसेल आणि सहनशक्ती संपत आली असेल, तर त्याला पाळण्यात पाठीवर सुरक्षित ठेवून काही मिनिटे बाजूला होणे आणि कोणाला तरी हाक मारणे हेच योग्य. कोणत्याही परिस्थितीत बाळाला गदागदा हलवू नये, त्याने मेंदूला गंभीर इजा होते.

रागाच्या भरात तोंडातून निघणाऱ्या काही वाक्यांबाबत विशेष सावध राहावे लागते. 'मी कुठेतरी निघून जाते, मग कळेल', 'मी मेले म्हणजे सुटाल सगळे' ही वाक्ये अनेक घरांत सहज बोलली जातात. मुलाला मात्र ती शब्दशः खरी वाटतात, आणि ते शाळेत बसूनही घरी काय झाले असेल याचा विचार करत राहते. 'तुझ्याशिवाय मला कोणी नाही' हे वाक्य वरवर मायेचे असले तरी तेही मुलाच्या खांद्यावर मोठ्या माणसाचा भार टाकते. मरणाचा विचार खरोखर मनात येत असेल, तर तो मुलापुढे न मांडता त्याच दिवशी प्रौढ, विश्वासू व्यक्तीला आणि तज्ज्ञाला सांगावा. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याची ऊर्मी अनावर होत असल्यास फोनवर न थांबता जवळच्या रुग्णालयात जावे आणि मूल तोवर दुसऱ्या प्रौढाच्या ताब्यात द्यावे.

अशा दिवसांसाठी आधीच आखणी करून ठेवणे, हा ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट एअर' या उपक्रमाचा महत्त्वाचा आग्रह आहे. ब्रिन ग्रेन्यर यांच्या नेतृत्वाखालील या उपक्रमाने व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या पालकांसाठी स्वतंत्र हस्तक्षेप तयार केला असून, विकाराची लक्षणे आणि पालकत्व यांना वेगळे ओळखणे, मुलाची नजर ध्यानात ठेवणे आणि संकटकाळासाठी कुटुंबाची काळजी-योजना लिहून ठेवणे यांवर त्याचा भर आहे. ही योजना एका कागदावर मावावी आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असावी : मुलाला शाळेतून किंवा पाळणाघरातून कोण आणणार, रात्री ते कोणाकडे झोपणार, कोणते औषध किती वाजता द्यायचे, कशाची ॲलर्जी आहे, डब्यात काय चालते, झोपताना कोणती चादर लागते, आणि पालकाच्या डॉक्टरांचा क्रमांक कोणता. मूल समजत्या वयाचे असल्यास त्यालाही ही योजना दाखवावी. 'आई आजारी पडली तर मावशी येणार' हे आधीच ठाऊक असलेले मूल रात्री अचानक दुसऱ्या घरी गेले तरी कमी बिथरते. एरवीच्या दिवसांतही जेवणाच्या, झोपेच्या आणि अभ्यासाच्या वेळा ठरलेल्या असणे आणि घरातील नियम थोडे पण न बदलणारे असणे या कुटुंबांना फार उपयोगी पडते, कारण मनःस्थिती कोणतीही असली तरी काय करायचे ते आधीच ठरलेले राहते.

मुलाला विकाराविषयी सांगावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'सांगावे' असेच आहे. न सांगितल्यास मूल स्वतःच कारण शोधते आणि ते बहुधा 'मी वाईट आहे' असे असते. लहान मुलाला निदानाच्या नावाची गरज नसते. आईच्या भावना फार मोठ्या आणि फार लवकर येतात, त्यासाठी ती मदत घेते, आणि तिला बरे करणे हे मुलाचे काम नाही, इतके कळले की त्याला पुरते. किशोरवयीन मुलाला नाव सांगता येते, त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरे देता येतात, आणि हे आपल्यालाही होईल का, या न विचारलेल्या शंकेबाबत असे सांगता येते की प्रवृत्तीचा काही भाग वारशाने येत असला तरी विकार होणारच असे मुळीच नसते.

पती, पत्नी, आजी-आजोबा यांचा वाटा निर्णायक ठरतो. घरात दुसरा स्थिर प्रौढ असणे मुलाला फार मोठा आधार देते. परंतु हा आधार 'तुझी आई वेडी आहे, तू माझ्याकडे ये' अशा भाषेत दिला गेला, तर मुलाला दोनपैकी एक माणूस निवडावा लागतो आणि पालकाची टाकले जाण्याची भीती खरी ठरते. मुलाला घेऊन बाहेर फिरायला जाताना पालकाला तसे सांगून जाणे, त्याने प्रसंग सावरल्यावर ते बोलून दाखवणे, आणि सुनेच्या किंवा जावयाच्या विकाराची चर्चा मुलासमोर न करणे या साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो.

या साऱ्याला पालकाच्या स्वतःच्या उपचारांची जोड हवी. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली आणि १९९३ साली ग्रंथरूपाने मांडलेली डीबीटी ही उपचारपद्धती भावना आवरण्याची आणि ताण सोसण्याची प्रत्यक्ष कौशल्ये शिकवते. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची मेंटलायझेशनवर आधारित पद्धत स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यामागील मन समजून घेण्याचा सराव देते, ज्याचा पालकत्वाशी थेट संबंध आहे, कारण ताट भिरकावणारे दीड वर्षाचे मूल अपमान करत नसून वस्तू पडते कशी ते पाहत असते, हे ऐन क्षणी सुचणे म्हणजे हीच क्षमता होय. बर्लिनमध्ये बाबेट रेनेबेर्ग आणि सहकाऱ्यांनी या विकाराच्या मातांसाठी खास गट-प्रशिक्षण तयार केले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २००९ साली नमूद केल्याप्रमाणे केवळ या विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत. सोबतच्या नैराश्यासाठी किंवा अन्य आजारासाठी मात्र ती लागू शकतात आणि ती स्वतःहून बंद करू नयेत, विशेषतः गर्भारपणात आणि स्तनपान सुरू असताना. सर्व उपचार भारतात सर्वत्र मिळत नाहीत, हे खरे आहे. तरीही उपलब्ध तज्ज्ञाला मुलांविषयी आपणहून सांगावे आणि पालकत्वाच्या अडचणी उपचारात घ्याव्यात असा आग्रह धरावा, कारण अनेक ठिकाणी रुग्णाला मुले आहेत का, एवढेही विचारले जात नाही. मेरी झॅनारिनी यांनी अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात २९० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा १० वर्षांच्या अवधीत ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान सलग दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली. नोकरी आणि नात्यांसह पूर्ण सावरणे मात्र सुमारे निम्म्यांनाच साधले.

मदत मागितल्यास मूल काढून घेतले जाईल, या धास्तीने अनेक माता गप्प राहतात. भारतातील २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करता येत नाही. आईच्या विकारामुळे मुलाला इजा होण्याची शक्यता तज्ज्ञांना दिसली किंवा वेगळे राहणे मुलाच्या हिताचे असले, तरच त्याला तात्पुरते दूर ठेवता येते, त्या काळातही देखरेखीखाली आईला मुलाला भेटता येते, आणि या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो. दाखल होण्याची वेळ आल्यास आईने किंवा तिच्या नातेवाइकांनी या कलमाचा उल्लेख करून, मुलाच्या राहण्याची आणि भेटीची व्यवस्था पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्यावी.